विश्लेषण : वेल मारायची नाही, फक्त खायची! द्राक्षबागेत केवडा आणि भुरी जगतात कसे?

ऑक्टोबरची फळछाटणी उरकली, डोळे फुटले आणि कोवळ्या फुटीवर घड दिसू लागले, की नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे पट्ट्यातील द्राक्ष बागायतदाराचे लक्ष बागेपेक्षा आभाळाकडे अधिक असते. एखाद्या दिवसाचा पाऊस, पाठोपाठ दोन रात्रींचे दव आणि आठवडाभरात पानावर तेलकट पिवळे डाग. २०१९ मध्ये परतीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील अनेक बागांचे घड फुलोऱ्यापूर्वीच हातचे गेले. डाग दिसताच फवारणीची धावपळ सुरू होते. मात्र रोग त्या दिवशी आलेला नसतो, तो पानाच्या आत अनेक दिवस मुक्काम करून असतो. या काळात पान हिरवेगार, निरोगी दिसते. असे का होते? वेलीला न मारता तिच्यावर जगण्याची ही पद्धत नेमकी काय आहे आणि ती समजली तर फवारणीचे गणित कसे बदलते, याचा हा आढावा.

केवडा आणि भुरी यांत फरक काय?

बागायतदार ज्याला ‘डाऊनी’ म्हणतात तो केवडा. पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखे पिवळसर डाग पडतात. त्याच डागाच्या खाली, पानाच्या मागच्या बाजूला, सकाळी पांढरी लव दिसते. कोवळ्या घडावर हल्ला झाला तर तो तपकिरी पडून वाळतो. केवड्याचे शास्त्रीय नाव प्लास्मोपारा व्हिटिकोला.

भुरीचे दिसणे वेगळे. पान, काडी किंवा मण्यावर राखाडी-पांढरी भुकटी शिंपडल्यासारखी वाटते. तिचे नाव एरिसायफी नेकेटर. भुरी लागलेल्या मण्याची साल वाढायची थांबते, आतला गर मात्र वाढत राहतो आणि मणी तडकतो. तडकलेल्या मण्यातून पुढे कूज शिरते.

दोन्ही रोग पांढरे दिसतात, दोन्ही द्राक्षावरच येतात. पण एकाला पाणी लागते, दुसरीला पाणी नकोसे असते. एक पानाच्या आत राहतो, दुसरी पानावर पसरते. जीवशास्त्राच्या वंशवृक्षात तर दोघांचे नातेही नाही.

केवडा पानात शिरतो कुठून?

केवड्याचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पानावर येतात. पान कोरडे असेल तर ते काही करू शकत नाहीत. पाण्याचा पातळ थर मिळाला, की बीजाणूची पिशवी फुटते आणि त्यातून सूक्ष्म चलबीजाणू बाहेर पडतात. त्यांना शेपटीसारखे दोन केस असतात आणि त्यांच्या जोरावर ते पाण्यात अक्षरश: पोहतात.

त्यांचे लक्ष्य असते पर्णरंध्र, म्हणजे पान ज्यातून हवा घेते ते छिद्र. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रे मागच्या बाजूला असतात. रंध्राजवळ पोहोचल्यावर चलबीजाणू शेपट्या टाकून देतो, स्वत:भोवती कवच तयार करतो आणि त्यातून निघालेला कोंब रंध्रातून थेट आत शिरतो. २० ते २५ अंश तापमानात पान काही तास ओले राहिले, तरी एवढे सगळे पार पडते.

फवारणीच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. औषध पानाच्या वरच्या बाजूला कितीही चांगले बसले, तरी शत्रूचे दार खालच्या बाजूला आहे. दाट कॅनॉपीत ब्लोअरचे तुषार पानाच्या मागे पोहोचले नाहीत तर खर्च झाला, संरक्षण झाले नाही, अशी स्थिती होते.

कोवळ्या मण्यांवरही अशी रंध्रे असतात. मणी वाढत जातात तशी ती बंद होत जातात आणि मणी केवड्याला दाद देईनासा होतो. म्हणूनच फळछाटणीनंतर फूट निघण्यापासून फुलोरा आणि मणी धरेपर्यंतचा काळ सर्वाधिक नाजूक मानला जातो.

मग भुरी कशी शिरते?

भुरी दाराची वाट पाहत नाही, भिंत फोडते. तिचा बीजाणू पानावर पडल्यावर रुजतो आणि एक चपटा, घट्ट चिकटणारा भाग तयार करतो. त्याखालून सुईसारखे टोक निघते. दाब आणि पाचक विकरे या दोन्हींच्या मदतीने ते टोक पानाच्या सर्वात वरच्या पेशीच्या भित्तिकेला भोक पाडते.

यासाठी पानावर पाणी असण्याची गरज नसते. उलट साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू खराब होतात. हवेत थोडी आर्द्रता, ढगाळ वातावरण, दाट सावली आणि २५ अंशांच्या आसपास तापमान तिला मानवते. त्यामुळे पाऊस थांबला, केवड्याचा धोका टळला असे वाटत असतानाच ती डोके वर काढते. तिचे बहुतेक धागे पानाच्या पृष्ठभागावरच राहतात, आत जातात ते फक्त अन्न खेचणारे अवयव.

पेशीतून अन्न खेचले जाते कसे?

दोन्ही रोगांची खरी करामत इथे आहे. पेशीत शिरलेला धागा पुढे फुगतो आणि बोंडासारखा किंवा बोटांसारखा आकार घेतो. त्याला शोषक म्हणता येईल. या अवयवाला १८६३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी ‘हॉस्टोरियम’ असे नाव दिले. शोषणे, उपसणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आले आहे.

शोषक पेशीची बाहेरची भित्तिका भेदतो, पण आतले नाजूक पटल फाडत नाही. हातमोज्यात बोट घातल्यावर मोजा बोटाभोवती बसतो, तसे हे पटल शोषकाभोवती ताणले जाते. पेशी फुटत नाही, तिचा रस सांडत नाही, तिचे काम चालू राहते. ती सूर्यप्रकाशात साखर बनवत राहते आणि तिच्यातली साखर व अमिनो आम्ले शोषकातून परजीवीकडे जात राहतात. घेवडावर्गीय पिकांवरील तांबेऱ्याच्या अभ्यासात साखर आत ओढणारे एक विशिष्ट प्रथिन २००१ मध्ये सापडले. ते शोषकाच्याच पटलावर असल्याचे दिसून आले.

हे रोग पानाला साखरेचे वाटप बदलायलाही भाग पाडतात. एरवी पानात तयार होणारी साखर घडाकडे, काडीकडे, मुळांकडे जाते. रोगट भाग ती स्वत:कडे खेचू लागतो. काही पिकांत पान म्हातारे होऊन पिवळे पडले, तरी तांबेरा किंवा भुरीच्या ठिपक्याभोवतीचा भाग हिरवाच राहतो. शास्त्रज्ञ त्याला ‘हिरवी बेटे’ म्हणतात. परजीवी तेवढ्या भागाचे म्हातारपण लांबवतो, कारण त्या पेशी जगण्यावर त्याचे स्वत:चे जगणे अवलंबून असते.

यजमानाला जिवंत ठेवण्यात त्यांचा फायदा काय?

वनस्पतींवर जगणाऱ्या रोगकारकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार आधी मारून मग खाणाऱ्यांचा. द्राक्षाच्या घडावर येणारी करडी कूज, म्हणजे बोट्रायटिस, या गटातली. ती विषारी द्रव्ये आणि विकरे सोडून पेशी मारते आणि मेलेल्या उतींवर पोसली जाते. दुसरा प्रकार मधला. बटाट्याचा उशिरा येणारा करपा किंवा भाताचा करपा काही दिवस जिवंत पेशींत राहतो आणि नंतर त्या मारतो. तिसरा प्रकार केवळ जिवंत पेशींवर जगणाऱ्यांचा. केवडा, भुरी आणि तांबेरा हे तिन्ही या गटात येतात.

तिसऱ्या गटाने या जगण्याची किंमतही मोजली आहे. प्रयोगशाळेतील साखर-अगारच्या बशीत बोट्रायटिस सहज वाढते. केवडा किंवा भुरी तशी वाढवता येत नाही, त्यांना जिवंत पानच लागते. २०१० मध्ये बार्लीवरील भुरीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याचे कारण स्पष्ट झाले. तिने अनेक जनुके गमावली आहेत. वनस्पतीच्या भित्तिका मोठ्या प्रमाणावर पचवणारी विकरे तिच्याकडे जवळपास उरलेली नाहीत. नत्र स्वत: तयार रूपात आणण्याची सोयही नाही. सगळे यजमानाकडून आयते मिळत असल्याने ही यंत्रणा काळाच्या ओघात गळून पडली.

म्हणजे यजमान मेला तर परजीवीही संपतो. गव्हाच्या तांबेऱ्याचा भारतातील प्रवास हे याचे ठळक उदाहरण. मैदानी भागात उन्हाळ्यात गहू उभा नसतो आणि उन्हाच्या झळांत तांबेऱ्याचे बीजाणूही तग धरत नाहीत. तरी दरवर्षी हिवाळ्यात रोग परत येतोच. आग्रा येथील वनस्पतीशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दीर्घ अभ्यास करून दाखवले, की हिमालय आणि दक्षिणेतील निलगिरी-पलनी डोंगरांतील गव्हावर हा रोग वर्षभर टिकून राहतो आणि तेथून वाऱ्याने मैदानात उतरतो. गव्हाच्या तांबेऱ्यावर, म्हणजेच गेरव्यावर, संशोधन करणारे राज्यातील केंद्रही महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी आहे.

वेल काहीच प्रतिकार करत नाही का?

करते. वनस्पतीला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, पण प्रत्येक पेशीला स्वत:ची पहारेदारी करता येते. रोगकारकाच्या भित्तिकेचे तुकडे ओळखता येतात. धोका दिसला की पेशी भित्तिका जाड करते, रोगविरोधी रसायने तयार करते. द्राक्षातील रेस्व्हेराट्रॉल हे त्यापैकीच एक.

यावर परजीवीचा डाव असा, की तो काही प्रथिने थेट यजमानाच्या पेशीत सोडतो. ही प्रथिने पेशीची धोक्याची घंटा बंद करतात. संरक्षण यंत्रणा गाफील राहते आणि पानावर अनेक दिवस कोणतेही लक्षण दिसत नाही.

काही वनस्पतींकडे या प्रथिनांनाच ओळखणारी जनुके असतात. ओळख पटली की त्या पेशी, आणि शेजारच्याही काही पेशी, स्वत:हून मरतात. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उरतो. जिवंत पेशीशिवाय जगू न शकणाऱ्या केवड्यासाठी ही नाकेबंदी असते, तो तिथेच उपासमारीने संपतो. बोट्रायटिससारख्या मारून खाणाऱ्या रोगाविरुद्ध मात्र हा उपाय चालत नाही, त्याला मेलेली पेशी आयतीच मिळते.

यजमानाचे एक जनुक आणि रोगकारकाचे एक जनुक यांची अशी जोडी असते, हा सिद्धांत अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरॉल्ड फ्लॉर यांनी १९४०च्या दशकात मांडला. त्यांनी त्यासाठी अभ्यासले होते जवसाचे पीक आणि त्यावरचा तांबेरा. आजही रोगप्रतिकारक वाण तयार करण्याचे काम याच पायावर चालते.

मग द्राक्षच इतके दुबळे का?

याचे उत्तर भूगोलात आहे. थॉम्पसन सीडलेस, सोनाका, शरद सीडलेस यांसारखी आपल्याकडील बहुतेक खाण्याची द्राक्षे व्हायटिस व्हिनिफेरा या प्रजातीची. तिचे मूळ पश्चिम आशिया आणि युरोपच्या टापूत. केवडा आणि भुरी मात्र मूळचे उत्तर अमेरिकेचे. तिथल्या रानटी द्राक्षवेली हजारो वर्षे या रोगांसोबत वाढल्या, त्यामुळे त्यांच्याकडे प्रतिकाराची जनुके आली. व्हिनिफेराची या शत्रूंशी कधी गाठच पडली नव्हती.

ती पडली एकोणिसाव्या शतकात. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये भुरी दिसली आणि काही वर्षांत फ्रान्समधील द्राक्ष उत्पादन कोसळले. गंधकाच्या भुकटीने तिला आवर बसला. त्यानंतर मुळांवरील फायलोक्झेरा या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकेतून प्रतिकारक वेली आणल्या गेल्या आणि त्यांच्यासोबत केवडा आला. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची नोंद झाली.

त्यावरचा उपाय योगायोगाने सापडला. बोर्डो परिसरात रस्त्याकडेची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत. १८८२ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आले, की इतर वेलींची पाने केवड्याने गळाली असताना रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच आजचे बोर्डो मिश्रण. एक टक्का द्रावणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण महाराष्ट्रातील बागायतदारांना आणि कोकण-गोव्यातील सुपारी बागायतदारांनाही पाठ असते. द्रावणात विळ्याचे पाते बुडवून त्यावर तांबूस थर येतो का हे पाहण्याची जुनी पद्धतही अनेकांना ठाऊक आहे. थर आला तर चुना कमी पडला असे समजायचे.

आपल्याकडे अनेक बागांत डॉगरिजसारख्या अमेरिकी वंशाच्या खुंटावर कलम केलेले असते. त्यामुळे पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्याची क्षमता मिळते. पण खुंटाचा केवड्याविरुद्धचा प्रतिकार वरच्या वाणाच्या पानांत येत नाही. पाने व्हिनिफेराचीच असतात आणि तेवढीच बळी पडतात.

केवडा ही बुरशी नाही, याचा अर्थ काय?

धाग्यांसारखी वाढ आणि बीजाणू यांमुळे केवड्याला दीर्घकाळ बुरशीच मानले गेले. प्रत्यक्षात तो ऊमायसिट या वेगळ्या गटात मोडतो. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे समुद्रातील तपकिरी शेवाळे. पाण्यात पोहणारे चलबीजाणू ही त्याच वारशाची खूण. खऱ्या बुरशीची भित्तिका प्रामुख्याने कायटिनवर उभी असते, केवड्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असते. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून सुमारे १० लाख लोकांचा बळी घेणाऱ्या दुष्काळाला कारणीभूत ठरलेला करपा याच गटातला. सुपारीवरील कोळेरोगही याच कुळातला.

हा भेद बागेत पैशांत मोजला जातो. भुरीवर वापरली जाणारी ट्रायझोल गटातील बुरशीनाशके बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल बनण्याची प्रक्रिया रोखतात. केवड्यात ही प्रक्रियाच नसते, त्यामुळे ही औषधे त्याच्यावर निरुपयोगी ठरतात. उलट मेटॅलॅक्झिलसारखी केवड्यावर काम करणारी औषधे भुरीला काहीच करत नाहीत. गंधक भुरीवर चालते, केवड्यावर नाही. ‘पांढरे दिसले, बुरशीनाशक मारले’ असे केल्यास निम्म्या वेळा फवारणी वाया जाते.

महाराष्ट्रात धोका कधी वाढतो?

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून झोपी जाते. केवडा त्या काळात गळलेल्या पानांत जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात तग धरतो. महाराष्ट्रात वेल अशी पूर्ण झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यानंतर काडी तयार होण्याचा काळ, पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी असे वर्षातून दोनदा कापून वेलीला दोनदा नवी फूट आणली जाते. म्हणजे परजीवीला वर्षभर हिरवे अन्न मिळते. पावसाळ्यात जुन्या पानांवर बसलेला केवडा फळछाटणीच्या वेळीही बागेतच असतो आणि नव्या कोवळ्या फुटीवर उतरायला त्याला फार दूर जावे लागत नाही.

एकदा आत शिरला की अनुकूल हवेत पाच ते सात दिवसांत, थंडीत त्याहून अधिक दिवसांनी तेलकट डाग दिसतो. त्यानंतर ज्या रात्री हवा जवळपास संपृक्त दमट असेल, त्या रात्री अंधारात पर्णरंध्रांतून नवे बीजाणू बाहेर पडतात. सकाळची पांढरी लव ती हीच. या लवेतून पुन्हा पाऊस किंवा दवाच्या मदतीने नवी लागण होते. असे चक्र आठवड्याला एक या गतीने फिरले, तर तीन आठवड्यांत मोजक्या डागांवरून सारी बाग व्यापली जाते.

बागलाणसारख्या भागांत पावसाळ्यातच पूर्वहंगामी छाटणी होते. लवकर येणाऱ्या द्राक्षाला भाव चांगला मिळतो, पण कोवळी फूट ऐन पावसात उघडी पडते. हा जुगार केवड्याच्या जीवनचक्राशी थेट खेळलेला असतो.

औषधे पूर्वीसारखी काम का करत नाहीत?

अंतरप्रवाही औषधे बहुधा रोगकारकाच्या एकाच प्रथिनावर नेम धरतात. नेम अचूक असतो, पण त्या एका प्रथिनात छोटा बदल झाला की औषध निष्प्रभ ठरते. लाखो बीजाणूंत असा बदल असलेला एखादा असतोच. तेच औषध पुन:पुन्हा मारले की बाकीचे मरतात आणि तो एक वाढत राहतो.

मेटॅलॅक्झिल १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि काही वर्षांतच युरोपात त्याला न जुमानणारे प्रकार आढळले. स्ट्रोबिल्युरिन गटाबाबतही तेच घडले. तिथे प्रथिनातील १४३व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलले, की केवडा औषधाला दाद देत नाही. महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही असे प्रकार असल्याची नोंद २०१६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात झाली.

दुकानात औषधांची नावे वेगवेगळी असली, तरी आतला रासायनिक गट एकच असू शकतो. अशा वेळी बाटली बदलली, पण औषध बदललेच नाही, असे होते. त्यामुळे फवारणीच्या वहीत व्यापारी नावासोबत घटक आणि गट लिहून ठेवणे उपयोगी पडते. बोर्डो मिश्रण किंवा मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधे एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे त्यांना प्रतिकार निर्माण होणे अवघड असते. मात्र ती पानात शिरत नाहीत. लागण होण्यापूर्वी पानावर असतील, तरच उपयोगी.

निर्यातदारांपुढे आणखी एक अडचण असते. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांना औषधांच्या उर्वरित अंशाच्या कडक मर्यादा पाळाव्या लागतात. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले. त्यामुळे कोणते औषध चालते याबरोबरच ते काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे, हेही तितकेच महत्त्वाचे ठरते.

मग उपाय काय?

पहिला, लक्षणावर नव्हे तर हवामानावर नजर ठेवणे. पाऊस किती पडला यापेक्षा पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, हे केवड्यासाठी निर्णायक असते. पान ओले राहण्याचा कालावधी मोजणारी छोटी हवामान केंद्रे अनेक बागांत दिसू लागली आहेत, ती याचसाठी. संरक्षक फवारणी पावसाच्या अंदाजापूर्वी आणि अंतरप्रवाही फवारणी लागणीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत झाली, तर परिणाम दिसतो. तेलकट डाग दिसल्यावर तो भाग पूर्ववत होत नाही, फार तर पुढचा प्रसार रोखता येतो.

दुसरा, पान लवकर सुकेल अशी बाग. जादा फुटी वेळेवर काढणे, घडाजवळची पाने विरळ करणे, नत्राचा अतिरेक टाळणे. याने केवड्याला लागणारा ओलावा आणि भुरीला लागणारी दाट सावली दोन्ही कमी होतात, औषधही पानाच्या मागे पोहोचते. प्लास्टिक आच्छादनाखाली पाने ओली होत नाहीत, त्यामुळे केवडा कमी येतो. पण कोरड्या सावलीत भुरी वाढण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते.

तिसरा, छाटणीच्या वेळी रोगट पाने आणि काड्या बागेत पडू न देता नष्ट करणे. चौथा, जैविक मदत. अँपेलोमायसिस नावाची बुरशी भुरीच्याच धाग्यांत शिरून तिच्यावर जगते. परजीवीवरचा हा परजीवी आता व्यापारी स्वरूपातही मिळतो. हवेत पुरेशी आर्द्रता असेल तर तो चांगले काम करतो.

प्रतिकारक वाण हा कायमचा तोडगा ठरेल का?

दिशा तीच आहे, पण घाई करून चालणारे नाही. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी वंशाचे कटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हे वाण विकसित केले आहे. ते बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाही आणि रस, मनुके यांसाठी वापरता येते. युरोपातही अमेरिकी आणि आशियाई रानटी वेलींतील प्रतिकार जनुके व्हिनिफेरात आणून नवी वाणे लावली जात आहेत.

मात्र फ्लॉर यांची जनुकांची जोडी दोन्ही बाजूंनी बदलते. बियांका या प्रतिकारक वाणावर मात करणारे केवड्याचे प्रकार युरोपात २०१० मध्येच नोंदवले गेले. एकाच जनुकावर विसंबलेले वाण हे एकाच औषधावर विसंबलेल्या बागेसारखेच असते. त्यामुळे संशोधक आता एकाच वाणात दोन-तीन प्रतिकार जनुके एकत्र आणण्याचा प्रयत्न करत आहेत. शिवाय खाण्याच्या द्राक्षाला ग्राहकाची चव, मण्याचा आकार, बियांचा अभाव आणि लांबच्या प्रवासात टिकणे या कसोट्याही असतात. रोगाला दाद न देणारे, पण बाजारात न विकले जाणारे वाण बागायतदाराच्या कामाचे नाही.

असे वाण येईपर्यंत बागायतदाराच्या हाती उरतात ते डाग दिसण्याआधीचे पाच-सात दिवस. रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी पान निरोगी दिसते म्हणून थांबायचे, की पान किती तास ओले होते याचा हिशेब करून त्याच दिवशी निर्णय घ्यायचा, यावर त्या हंगामातले घड अवलंबून असतात.